भरपाई मागणारी बाई

'पीसेस ऑफ अ वुमन' ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यातला बाळंतपणाचा प्रसंग विसरता येत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनीही बहुतेक त्याबद्दल ऐकलेलं असतं. सुमारे २४ मिनिटं, एकही कट नाही. बॉस्टनमधलं एक घर. कळा सोसणारी मार्था, तिचा घाबरलेला जोडीदार शॉन आणि ठरलेल्या मिडवाइफच्या जागी ऐनवेळी आलेली ईव्हा. बाळाचे ठोके मंदावतात. ईव्हा हॉस्पिटलचं नाव काढते, मार्था घरीच थांबायचं म्हणते. बाळ जन्मतं, रडतं आणि काही क्षणांत निळं पडतं. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते यानंतर.

दिग्दर्शक कोर्नेल मुंद्रुत्सो, लेखिका काटा वेबर. या भूमिकेसाठी व्हनेसा कर्बीला २०२० च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करचं नामांकनही. जानेवारी २०२१ मध्ये सिनेमा नेटफ्लिक्सवर आला, आणि तेव्हापासून त्याबद्दल जे काही बोललं गेलं ते बरंचसं त्या २४ मिनिटांत अडकून राहिलं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दीड तासाबद्दल. त्यासाठी शेवट सांगावा लागेल. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी सिनेमा पाहून मग इकडे यावं.

या दीड तासात एक खटला आहे. ईव्हावर फौजदारी गुन्हा दाखल झालाय आणि घरच्यांना भरपाईचीही आशा आहे. खटला व्हावा म्हणून सगळ्यात जास्त धडपडते ती मार्थाची आई, एलिझाबेथ. वकील सुझान ही मार्थाचीच चुलतबहीण. मार्था मात्र गप्प आहे. ती सफरचंदाच्या बिया ओल्या कापसात ठेवून त्यांना मोड येण्याची वाट बघते. शेवटी कोर्टात तिची साक्ष होते. मधल्या सुट्टीत ती एका फोटोच्या दुकानात जाते, त्या रात्रीचा धुऊन आलेला फोटो बघते, त्यात जिवंत बाळाला कवेत घेतलेली ती स्वतः असते. परत येऊन ती न्यायाधीशांची परवानगी घेऊन बोलते. त्या बोलण्याचा आशय असा, की भरपाई मागणं म्हणजे या नुकसानीची भरपाई होऊ शकते असं कबूल करणं, आणि ती तर होऊ शकत नाही. ईव्हाचा दोष नव्हता. तिला बाळ सुखरूप यायला हवं होतं.

प्रसंग उत्तम लिहिलाय आणि कर्बीने तो जवळजवळ कुजबुजत केलाय. पहिल्यांदा पाहताना मी रडले. दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट खटकली आणि ती मनातून जाईना. मागणारी माणसं आणि न मागणारी माणसं या सिनेमाने फार सोयीस्करपणे वेगळी केली आहेत.

कोण कोण मागतंय ते पाहा. आई मागते, आणि ती पैशाच्या जोरावर सगळ्यांना नाचवणारी बाई आहे. जावयाने निघून जावं म्हणून ती त्याच्या हातात चेक ठेवते. जोडीदार मागतो, आणि तो पुन्हा नशेकडे वळलेला आहे, शिवाय वकील बाईशीच त्याचं प्रकरण सुरू होतं. वकील मागते, ती तर यात गुंतलेलीच. न मागणारी एकटी मार्था, आणि तिच्याकडे बिया आहेत, फोटो आहे, मौन आहे. म्हणजे खटला हा दुःखाला चिकटलेला मळ, आणि तो झटकला की माणूस मोकळं होतं. सिनेमा हे उघडपणे म्हणत नाही, पण पात्रांची वाटणीच तशी केली आहे.

*

यातली दुसरी अडचण जास्त बारीक आहे. त्या २४ मिनिटांत कॅमेरा आपल्याला साक्षीदार करतो. काहीही लपवलेलं नाही, काहीही गाळलेलं नाही. आपण ईव्हाचे हात पाहिलेत, तिने किती वेळा ठोके ऐकले ते पाहिलंय, तिच्या चेहऱ्यावरचा बदल पाहिलाय. तरीही तुम्हाला उद्या साक्षीला बोलावलं आणि विचारलं, 'निष्काळजीपणा झाला का?' तर काय सांगाल? मला सांगता येणार नाही. कारण निष्काळजीपणा डोळ्यांना दिसत नाही. तो ठरवण्यासाठी जे घडलं ते जे घडायला हवं होतं त्याच्या शेजारी ठेवावं लागतं. ठोके इतके खाली आल्यावर एखाद्या जाणत्या मिडवाइफने काय केलं असतं? ॲम्ब्युलन्स किती मिनिटं आधी बोलवायला हवी होती? धोका किती आहे हे मार्थाला कळेल अशा शब्दांत सांगितलं गेलं का?

हे प्रश्न सिनेमात वकिलाच्या तोंडी येतात, आणि वकिलाच्या तोंडी आले म्हणून ते क्रूर वाटतात. खरं तर ते कोणत्याही आईच्या डोक्यात रात्री तीन वाजता येणारे प्रश्न आहेत. मार्था ते कधी विचारते का? नाही. तिला उत्तर एका फोटोतून मिळतं. फोटोतून सांत्वन मिळू शकतं, हे मी नाकारत नाही. पण फोटो बघून ईव्हाचा दोष नव्हता हे कसं कळलं?

*

हे मला एवढं का लागतं ते सांगायला हवं. मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीचं बाळ गेलं. सदतिसावा आठवडा. तिला मी ताई म्हणते. तिची फाईल माझ्याकडे आहे, कारण घरात कागद वाचत बसायची सवय मलाच. चौतिसाव्या आठवड्याच्या केसपेपरवर बीपी १४०/९०. छत्तिसाव्या आठवड्यात १५०/१००. पायावर सूज, अशी नोंद. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर राहायला लागलं, तर लघवीतून प्रथिनं जातायत का हे बघतात, कारण ते प्रीएक्लॅम्पसियाचं लक्षण असू शकतं. या तपासणीला खर्च किरकोळ येतो. फाईलमध्ये त्या दोन्ही तारखांना लघवीचा रकाना कोरा आहे. पुढे डोकं ठणकत होतं म्हणून ताईने फोन केला, तेव्हा ॲसिडिटीची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं गेलं. रात्री रक्तस्राव सुरू झाला. वार आधीच सुटली होती. ताई आयसीयूतून परत आली, बाळ नाही.

केस करावी का, यावर आमच्या घरात महिनोन्महिने बोलणं चाललंय. मावशी म्हणते, "पैसे घेऊन बाळ परत येणारंय का?" काका म्हणतात, "तुझा जन्मसुद्धा त्यांच्याच हातचा. गावात राहायचंय आपल्याला." दोघंही वाईट नाहीत. पण मावशीचं वाक्य ऐकलं आणि मी दचकले, कारण ते मार्थाच्या भाषणाचं मराठी रूप आहे. म्हणजे हे वाक्य बॉस्टनचं नाही, ते सगळीकडे तयारच असतं. बाईने कोर्टाची पायरी चढू नये यासाठी ते फार उपयोगी पडतं, आणि गंमत म्हणजे ते बाईच्या बाजूचं वाटतं.

ताईचं म्हणणं वेगळं आहे. ती एकदा म्हणाली, "मला एवढंच विचारायचंय गं, लघवी का नाही तपासली? आणि पैसेही हवेत. बांगड्या गहाण आहेत." ही दोन्ही वाक्यं तिने एकापाठोपाठ उच्चारली, मध्ये न थांबता. मार्थाच्या सिनेमात दुसऱ्या वाक्याला जागाच नाही. मार्थाच्या आईकडे पैसा आहे. ज्या घरात बांगड्या गहाण पडत नाहीत तिथे भरपाई नाकारणं हा शुद्ध नैतिक निर्णय होऊ शकतो. बाकीच्यांना तो परवडतोच असं नाही.

*

या सिनेमाशेजारी ठेवून वाचावा असा एक मजकूर आहे, आणि तो कादंबरी नाही, कविता नाही. तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा ११ मार्च २०१५ चा निकाल आहे. 'माँटगोमेरी विरुद्ध लॅनर्कशायर हेल्थ बोर्ड'. कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसालाही तो वाचता येतो, आणि मला तो गोष्ट म्हणूनही मोठा वाटतो.

स्कॉटलंडमधली एक बाई. मधुमेह आहे, उंची पाच फुटांच्या थोडीच वर. मधुमेही आईचं बाळ मोठं असण्याची शक्यता जास्त असते, आणि डोकं बाहेर आल्यावर खांदे अडकण्याचा धोका अशा आयांमध्ये ९ ते १० टक्के. बाळ मोठं आहे, नैसर्गिक बाळंतपण जमेल का, ही काळजी तिने बोलून दाखवली होती. डॉक्टरांनी खांदे अडकण्याबद्दल सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की त्यातून बाळाला गंभीर इजा होण्याची शक्यता अगदी कमी, आणि हे सांगत बसलं तर बहुतेक बायका सिझरच मागतील. १ ऑक्टोबर १९९९ ला बाळंतपण झालं. खांदे अडकले. डोकं दिसल्यापासून बाळ बाहेर यायला १२ मिनिटं लागली. त्या वेळात प्राणवायू कमी पडून मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली.

इथेही मिनिटं आहेत. सिनेमातली २४ आणि इथली १२. फरक हा, की निकालात त्या १२ मिनिटांवर भर नाहीच. त्या वेळी डॉक्टरांनी काय केलं यापेक्षा कित्येक आठवडे आधी, शांतपणे समोरासमोर बसलेलं असताना काय बोललं गेलं नाही, हा खटल्याचा गाभा आहे. एकाच धोक्याचे दोन आकडे होते. खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के, त्यातून सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका ०.१ टक्क्याहूनही कमी. डॉक्टर दुसऱ्या आकड्याकडे बघत होत्या. बाईला पहिला आकडा कळणं गरजेचं होतं, कारण अडकलेले खांदे सोडवण्याची धडपड तिच्याच शरीरावर होणार होती.

१९५७ च्या बोलम खटल्यापासून इंग्रजी कायदा असं मानत आला होता, की इतर जबाबदार डॉक्टरांनीही तसंच केलं असतं तर तो निष्काळजीपणा नव्हे. काय सांगायचं आणि काय नाही, हेही याच मापाने मोजलं जाई. १९८५ च्या सिडवे खटल्याने ते माप साधारण तसंच ठेवलं. स्कॉटलंडच्या न्यायालयांत ही बाई दोनदा हरली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि माप बदललं. धोका सांगण्याजोगा आहे का, हे आता डॉक्टरांच्या प्रथेवरून ठरणार नाही; त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला तो महत्त्वाचा वाटला असता का, यावरून ठरेल. लेडी हेल यांनी वेगळं टिपण जोडलं. गरोदर झाली म्हणून बाईचा स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क संपत नाही, असा त्याचा सूर आहे. भरपाई ठरली साडेबावन्न लाख पौंड. तोवर मुलगा पंधरा वर्षांचा झाला होता.

हा आकडा डोळ्यांत भरतो. पण तो कशाचा आहे ते बघितलं की डोळे निवतात. तो जन्मभर लागणाऱ्या देखभालीचा आहे. पैसे घेऊन मूल बरं होणार आहे का, असं तिथेही विचारता आलं असतं. उत्तर सोपं आहे: नाही, पण त्याला रोज उचलून आंघोळ घालायला कुणीतरी लागणार आहे.

*

आपल्याकडेही असे मजकूर आहेत, आपण ते वाचत नाही इतकंच. 'हरियाणा राज्य विरुद्ध संत्रा', निकाल २००० चा. मोलमजुरी करणारी, आधीच बरीच मुलं असलेली बाई सरकारी दवाखान्यात नसबंदी करून घेते. नंतर दिवस जातात. तपासात निघतं, की ऑपरेशन फक्त उजव्या नळीचं झालं, डाव्या नळीला हातच लावला नव्हता. खालच्या कोर्टाने ५४,००० रुपये दिले. सरकार ते द्यायला तयार नव्हतं आणि प्रकरण थेट दिल्लीपर्यंत गेलं. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम कायम केली. ही रक्कम जन्मलेल्या मुलीला वाढवण्याच्या खर्चाची होती. या गोष्टीत कुणी मेलेलं नाही. मूल जिवंत आहे, नकोसं असूनही. त्या मुलीला मोठं झाल्यावर हा निकाल कळला असेल का, हा विचार मला सोडत नाही. इतकी अवघड गोष्ट कुठल्याही सिनेमाने मला सांगितलेली नाही.

दुसरा 'समीरा कोहली' निकाल, २००८ चा. गरोदरपणाचा नाही, पण गर्भाशयाचा. एक अविवाहित बाई तपासणीसाठी लॅपरोस्कोपीला तयार होते. ती भुलीखाली असताना डॉक्टर बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतात आणि गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकतात. न्यायालयाने सांगितलं, सज्ञान बाईच्या वतीने आईची सही चालत नाही, आणि एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. भरपाई २५,००० रुपये आणि डॉक्टरांची फी रद्द. मात्र धोका किती सांगायचा, हे माप न्यायालयाने बऱ्याच अंशी वैद्यकीय प्रथेच्याच हाती ठेवलं. सात वर्षांनी ब्रिटनने जे केलं ते आपण त्या दिवशी केलं नाही.

हा निकाल वाचल्यावर एलिझाबेथ मला वेगळी दिसली. मुलीच्या वतीने खटला रेटणारी आई आणि मुलीच्या वतीने सही करणारी आई, या दोघींमध्ये फार अंतर नाही. आणि याचा मान सिनेमाला द्यायलाच हवा. एलिझाबेथचं एक मोठं स्वगत आहे. ती स्वतः ज्यूंच्या छळाच्या काळात लपूनछपून जन्मलेली. डॉक्टरने पायाला धरून उलटं उचललं आणि तिने मान वर केली तर जगेल असं सांगितलं. तिने केली. ही बाई मुलीला 'मान वर कर' म्हणते तेव्हा खटला तिच्यासाठी पैशाचा राहत नाही. सिनेमातलं हे एकमेव ठिकाण, जिथे मागण्याला प्रतिष्ठा मिळते. एलन बर्स्टिनने ते असं केलंय, की क्षणभर मार्थाचं मौनच उथळ वाटायला लागतं. हा धागा कथेने पुढे नेला असता तर मी हा लेख लिहिला नसता.

*

दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत, हे विसरून चालणार नाही. ॲडम केच्या पुस्तकावरून आलेली 'धिस इज गोइंग टू हर्ट' ही मालिका (२०२२) पाहिली तर प्रसूतिकक्षातल्या दमलेल्या ज्युनियर डॉक्टरांचं जग कळतं. ॲडम एका गरोदर बाईला घरी पाठवतो, ती प्रीएक्लॅम्पसिया घेऊन परत येते, बाळ पंचविसाव्या आठवड्यात काढावं लागतं. पुढे तक्रार, चौकशी. आणि त्याची सहकारी श्रुती या सगळ्या ओझ्याखाली आत्महत्या करते. त्याच वर्षी राजस्थानात दौसा जिल्ह्यात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एका बाईचा मृत्यू झाला, जमाव जमला, पोलिसांनी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंवर खुनाचा गुन्हा नोंदवला आणि त्यांनी स्वतःला संपवलं. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असायला हवा, आणि आधी तज्ज्ञाचं मत घ्यावं, असं जेकब मॅथ्यू निकालाने २००५ सालीच सांगून ठेवलं होतं.

म्हणूनच भरपाईचा दावा आणि फौजदारी खटला यांची गल्लत महागात पडते, आणि 'पीसेस ऑफ अ वुमन' नेमकी ती करतो. त्याचं मूळ बघितलं की कारण समजतं. मुंद्रुत्सो आणि वेबर या जोडप्याने स्वतः बाळ गमावलं होतं, आणि त्यांच्यासमोर हंगेरीतल्या आग्नेश गेरेब यांचा खटला होता. स्त्रीरोगतज्ज्ञ असून घरी बाळंतपणं करणाऱ्या गेरेब यांना २०१० मध्ये अटक झाली, पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली, २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. तिथे सुईणीच्या विरोधात सरकार उभं होतं. त्या संदर्भात 'हिला सोडा' म्हणणारी आई हे धाडसच. पण गोष्ट बॉस्टनला नेली आणि सरकार गळून पडलं. उरली फक्त एक आई आणि एक मिडवाइफ. मग जे राज्यसत्तेच्या विरोधातलं वाक्य होतं ते बाईने बाईला केलेली क्षमा झालं. ईव्हाबद्दलही आपल्याला काहीच कळत नाही. तिला क्षमा मिळते, पण बोलायला मिळत नाही. त्या रात्री ठोके मंदावले तेव्हा ती काय विचार करत होती, हे तिच्या तोंडून ऐकायला मला आवडलं असतं. मार्थालाही आवडलं असतं, असं मला वाटतं.

दिवाणी दाव्यात किंवा ग्राहक आयोगापुढे हेच होऊ शकतं. तिथे कुणी तुरुंगात जात नाही. कागद मागवले जातात, तज्ज्ञ सांगतो, समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. १९९५ च्या शांता निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारे दवाखाने त्याबाहेर राहिले, आणि गरिबातल्या गरीब बाईला हा दरवाजा बंदच राहिला, ही त्यातली मोठी फट. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागद द्यायचे, हा नियम २००२ पासून आहे. दावा करायची मुदत साधारण दोन वर्षं. दुःख मात्र या मुदतीत आवरत नाही. ताईकडे अजून सात महिने आहेत. तिने काय करावं हे मी सांगणार नाही. पण ठरवताना 'पैसे मागितले तर दुःख खोटं ठरेल' हे एक कारण तरी तिच्या डोक्यात नसावं.

सिनेमाच्या शेवटी सफरचंदाच्या झाडावर एक लहान मुलगी चढलेली दिसते. सुंदर चित्र आहे. मला मात्र आता अशी एक गोष्ट हवी आहे जिची नायिका दावा करते, तारखांना जाते, उलटतपासणीत चिडते, हॉस्पिटलच्या बिलाची झेरॉक्स जपून ठेवते, जिंकते किंवा हरते, आणि एवढं सगळं करूनही तिचं रडणं कुणाला खोटं वाटत नाही. मराठीत ती कुणी लिहीत असेल तर मी वाट बघतेय.